परड्यातली थोडी लादी उखडा

दिवसातून दहा वेळा तरी माझ्या तोंडून एक वाक्य निघतं: "पालेभाज्या खात जा." म्हणायला तीन सेकंद लागतात. पेशंट मान डोलावतो, मी पुढचा केसपेपर ओढतो, आणि आपलं काम झालं असं दोघांनाही वाटतं.

मागच्या पावसाळ्यात रत्नागिरीजवळच्या एका गावातून आलेल्या चाळिशीच्या बाईंनी मान डोलावली नाही. हिमोग्लोबिन ८.४, जिना चढताना धाप, केस गळतात, दिवसभर अंगात जीव नाही. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, खा म्हणता, पण आणू कुठून? भाजीचा टेम्पो येतो आठवड्यातून दोनदा. पावसात आलेली मेथीची जुडी घरी नेऊन सोडली की आतून निम्मी काळी."

"घरामागे जागा नाही का?"

"होती की. चिखल व्हायचा म्हणून पेव्हर ब्लॉक घातले."

यावर मला काही बोलता येईना, कारण काही वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. आईच्या परड्यात न्हाणीच्या पाण्यावर अळू होतं, गडग्याला टेकून पडवळाचा मांडव होता, कोपऱ्यात मिरची आणि हळद होती. चिखल, डास आणि सापाची भीती ही कारणं सांगून मी तिथे ब्लॉक बसवून घेतले. आई काही म्हणाली नाही. पुढच्या श्रावणात मी बाजारातून विकतचं अळू आणलं, तेव्हा तिने ते निवडता निवडता एवढंच विचारलं, "हे कुठल्या गटाराचं?"

तेव्हापासून माझं एक मत बनलं आहे आणि ते आज मांडतो. पालेभाजी खाण्याचा सल्ला ती मिळण्याच्या सोयीशिवाय देणं म्हणजे औषध लिहून द्यायचं आणि गावात मेडिकल नाही हे विसरायचं. आणि आपल्या भागात ती सोय करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग घरामागे आहे, बहुतेक वेळा लादीखाली.

रत्नागिरीच्या बाजारातली बरीचशी भाजी घाटावरून येते. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून गाड्या येतात तेव्हा आपल्याकडे मेथी, कोथिंबीर, कोबी दिसतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला आणि घाटांत दरडी कोसळल्या, तेव्हा ही साखळी किती नाजूक आहे ते सगळ्यांनी पाहिलं. पण एवढ्या मोठ्या संकटाची गरज नाही. साध्या पावसाळ्यातही पालेभाजी भिजते, कुजते, महागते, आणि मग घराघरांत बटाटा, डाळ आणि सुकी मासळी यांवर चार महिने निघतात. भाजी आणली तरी आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जाते, हे मी वेगळं सांगायला नको.

परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या फेरीत तो आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. याची कारणं अनेक आहेत, सगळं खापर पालेभाजीवर फोडता येणार नाही. पण ताटातला हिरवा भाग रोजचा नसणं हे त्यांतलं एक नक्की आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाजी खावी, पालेभाजीही त्यातच आली. आपल्या ताटात तिचा पाव भाग तरी पडतो का, हे उद्या जेवताना बघा.

आता एक गोष्ट डॉक्टर म्हणून स्पष्ट करतो, नाहीतर हा लेख वाचून कोणी गोळ्या बंद करील. परसबाग हे रक्तक्षयाचं औषध नाही. हिशोब करू. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं आयसीएमआर सांगते. शंभर ग्रॅम माठात साधारण ५ मिलिग्रॅम लोह धरा, पालकात त्याहून कमी. वनस्पतींतलं लोह शरीर फार कमी शोषतं, शंभरातले पाच ते दहा भाग. म्हणजे एक वाटी माठातून रक्ताला पोचणार अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या मोठ्या गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. हिमोग्लोबिन ८ असेल तर गोळी घ्यायलाच हवी, शिवाय रक्त का कमी झालं ते शोधायला हवं: पाळीत जास्त जातं का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का. पुरुषाचं किंवा वयस्कर माणसाचं रक्त कमी असेल तर पोटातून कुठे रक्तस्राव होत नाही ना, हे आधी बघायचं, भाजीचं नंतर.

आपल्याकडे तांबड्या मातीबद्दल एक गोड गैरसमज आहे. जांभ्याची माती लोखंडामुळे लाल, म्हणून तिच्यातली भाजी लोहाने भरलेली, असं लोक सांगतात. मातीतलं लोह सरळ पानात आणि पानातलं सरळ रक्तात येत असतं तर आपल्या जिल्ह्यात एकही बाई फिकट दिसली नसती.

मग परसबाग कशाला? कारण गोळीने भरलेला हौद पुन्हा रिकामा होऊ नये म्हणून रोज थोडं थोडं पाणी लागतं. पालेभाजीत लोहाबरोबर फोलेट असतं, अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं तो घटक असतो, चोथा असतो, पोटॅशियम असतं. बद्धकोष्ठ, साखर, रक्तदाब या तिन्ही तक्रारींना त्याचा उपयोग होतो. बांगलादेशात हेलन केलर संस्थेने घरामागच्या भाजीचे मोठे प्रकल्प चालवले, मुख्यतः मुलांच्या रातांधळेपणासाठी. अशा प्रकल्पांचे जे अभ्यास झाले त्यांत एक गोष्ट ठळक दिसते: भाजी दारात आली की ती खाल्ली जाते. रक्त वाढल्याचा पुरावा तितका ठळक नाही. मला पहिली गोष्टही पुरेशी वाटते, कारण माझ्या तीन सेकंदांच्या सल्ल्याने तेवढंही होत नाही. आपल्याकडे उमेद अभियानाने २०२० मध्ये 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम काढली, तिच्या मागेही हाच विचार होता.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. ब्लॉक सगळे काढले नाहीत. चार फूट रुंद आणि बारा फूट लांब एवढाच पट्टा उखडला, जिथे दिवसाचं पाच-सहा तास ऊन येतं. खाली कडक मुरूम निघाला. तो खणत बसलो नाही. कडेने चिरे लावून वर फूटभर उंचीचा गादीवाफा केला. आत माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वर्षभर एका कोपऱ्यात कुजवलेला पातेरा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सपाट जमिनीत पेरलेलं बी त्यात टिकत नाही. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पहिल्या वर्षी उत्साहाने जुलैत मेथी पेरली आणि तिसऱ्या दिवशी ती शेजाऱ्यांच्या पन्हळीत होती.

हा पट्टा फार लहान वाटतो, पण गणित बघा. त्याचे चार भाग करायचे आणि दर आठवड्याला एकाच भागात माठ पेरायचा. लाल माठ तीस दिवसांत काढायला येतो. चौरस मीटरभर जागेतून किलोभर माठ सहज निघतो, निवडून पाऊण किलो उरतो. चार माणसांच्या घरात त्याची दोनदा भाजी होते. म्हणजे हंगाम चालू असताना आठवड्यातून दोन दिवस ताजी पालेभाजी, टेम्पोची वाट न बघता. नवशिक्याने पहिल्या वर्षी एवढंच करावं. टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची यांच्या वाटेला जाऊ नये. ज्यांनी पहिल्याच वर्षी बारा भाज्या लावल्या, त्यांची परसबाग पुढच्या वर्षी मला दिसलेली नाही.

माठाचं बी मोहरीहून बारीक असतं. मूठभर बारीक वाळूत मिसळून विस्कटायचं, वर अगदी पातळ माती, आणि पाणी झारीने. बादलीने ओतलं तर बी एका कोपऱ्यात जमा होतं. मुंग्या बी पळवतात, म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ ओढावी. राख लाकडाची हवी. बंबात प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाचे पाऊच जाळायची सवय अनेक घरांत आहे, ती राख भाजीच्या जवळही नको. दाट उगवलेली रोपं पंधरा दिवसांनी उपटून विरळ करायची. उपटलेली टाकायची नाहीत, तीच पहिली कोवळी भाजी.

पाऊस संपत आला की, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, सुरुवात करायची ही खरी वेळ. तेव्हापासून माठ, मुळा, मेथी, वाल, वांगी, मिरची सगळं होतं. पावसाळ्यात पेरणीच्या पालेभाजीशी भांडू नका. तेव्हा अळू, शेवग्याचा पाला आणि रानातला टाकळा यांचं राज्य असतं, आणि मांडवावर पडवळ, दोडकी, कारली. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करायची आपली पद्धत आहे, ती एका दिवसावर का थांबवावी? शेवग्याचं एक झाड गडग्याच्या कडेला लावलं की पाल्याचा प्रश्न बराचसा सुटतो, फक्त ते दरवर्षी छाटून हाताशी ठेवायचं. वेलभाज्यांचं बी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वाणांचं मिळालं तर बघा. कोकण तारा हे कारलं आणि कोकण हरिता हा दोडका आपल्याच हवेसाठी काढलेले आहेत. एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला की वाफा पातेऱ्याने झाकून स्वस्थ बसावं. पिण्याचं पाणी माठाला घालू नये.

आणि माकडं. यावर माझ्याकडे उपाय नाही. वाफ्यावर जाळी टाकली तर पालेभाजी बऱ्यापैकी वाचते, काकडी वाचेलच असं नाही. अळू, हळद, मिरची, सुरण यांना ती सहसा हात लावत नाहीत. आई म्हणते एक वाटा त्यांचा धरूनच पेरायचं. मला हे पटत नाही, पण पर्यायही सुचलेला नाही.

आता भीतीबद्दल, कारण ब्लॉक घालताना मी तेच कारण दिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. हा जिल्हा फुरशांचा आहे. इंग्रजी अमदानीत १८६२ साली इथे फुरशांवर बक्षीस लावलं तेव्हा आठ दिवसांत लाखाच्या वर मारलेली फुरसी जमा झाल्याची नोंद आहे. फुरसं हातभराचंही नसतं, चिऱ्यांच्या फटीत, पातेऱ्याखाली, दगडांच्या ढिगात बसतं. म्हणून ढीग नको, वाफ्याभोवतीचं गवत कापलेलं हवं, अळवाच्या बुंध्याशी हात घालण्यापूर्वी काठीने हलवून बघावं, संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय परड्यात जाऊ नये. चावलंच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो अवयव न हलवता थेट जिथे प्रतिविष मिळतं अशा रुग्णालयात.

सापापेक्षा मला पायांची जास्त काळजी वाटते. अनवाणी परड्यात फिरायची आपली सवय आहे. पावसाळ्यात उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलात आलेले लेप्टोचे जंतू पायाच्या भेगांतून, जखमेतून आत जातात. घाण झालेल्या मातीतून अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतून शिरतात, आतड्यात जाऊन रक्त पितात आणि पुन्हा रक्तक्षयच करतात. भाजीने वाटीभर द्यायचं आणि जंतांनी तांब्याभर न्यायचं, असा व्यवहार होतो. गमबूट चांगले, ते नसतील तर निदान जाड बंद चप्पल तरी. पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नये. पावसात ताप येऊन अंग, विशेषतः पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले तर दोन दिवस घरी काढू नका, आणि डॉक्टरांना मातीत काम केल्याचं आपणहून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर घेऊन टाका. कुंड्या-डबड्यांत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका, नाहीतर डेंग्यू तुम्हीच पिकवाल.

पाण्याचंही तसंच. भांड्यांचं, न्हाणीचं पाणी अळू आणि केळीला चालतं, कारण अळू शिजवूनच खातो. कोथिंबीर, मुळा, काकडी, पुदिना या कच्च्या खायच्या गोष्टींना ते नको. संडासच्या शोषखड्ड्याच्या जवळ तर काहीच नको. तिथली भाजी भराभर वाढते म्हणून मोह होतो. ताजं शेणही पालेभाजीवर घालू नये, कुजलेलंच घालावं.

औषध फवारणीबद्दल माझं मत कडक आहे: घरामागे रासायनिक कीटकनाशक आणायचंच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी गेले. तो शेतीचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण चार फुटांच्या वाफ्यासाठी ती बाटली घरात ठेवणं, जिथे नातवंडं खेळतात आणि रागाच्या भरात हाताशी येईल अशी वस्तू असणं, हे मला कुठल्याही किडीपेक्षा घातक वाटतं. मावा पडला तर पाण्याचा फवारा, साबणाचं फिकं पाणी, नाहीतर ते रोप उपटून टाका. पानाला भोकं असली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. याच बरोबर हेही सांगतो, की बाजारातली भाजी म्हणजे विष, घरची म्हणजे अमृत, कॅन्सर त्यानेच टळतो, असले जे व्हिडिओ फिरतात त्यांना आधार नाही. बाजारातली भाजी वाहत्या पाण्यात नीट धुऊन खा. ती न खाण्यापेक्षा केव्हाही बरी.

काही लोकांनी मात्र विचारून खावं. किडनी निकामी होत चाललेल्यांना पालेभाजीतलं पोटॅशियम त्रास देऊ शकतं. मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी अळू आणि पालक बेताने घ्यावं, दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असतं. अळवाने घसा खाजतो तो त्याच्याच सूक्ष्म सुयांमुळे, म्हणून चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायची आजीची रीत बरोबर आहे. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज आणि दोन आठवडे अजिबात नाही असंही करायचं नाही. रक्त पातळ होण्याचं मोजमाप त्याने बिघडतं. आणि घरच्या वेलीचा दुधी, दोडका, काकडी, पडवळ चवीला कडू लागलं तर वाया जातंय म्हणून खाऊ नका. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. फोडीचा तुकडा आधी जिभेला लावून बघा, कडू असेल तर फेकून द्या. कारलं अर्थातच याला अपवाद.

भाजी ताटात आल्यावरची एक छोटी गोष्ट. तिच्यावर कच्चं लिंबू पिळा, क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. माठाबरोबर मासळी असेल तर आणखी चांगलं, मासळी भाजीतल्या लोहालाही आत घेऊन जाते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तास-दीड तास थांबा. आपल्याकडे हे शेवटचंच सगळ्यांना अवघड जातं, मलाही.

त्या बाई गोळ्या घेत होत्या, पाळीचा त्रास होता त्यावरही उपचार चालले होते. चार महिन्यांनी आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ११.१ होतं. त्यातलं गोळ्यांचं किती आणि भाजीचं किती, हे मी सांगू शकत नाही, आणि बहुतेक श्रेय गोळ्यांचंच असणार. पिशवीतून त्यांनी लाल माठाची एक जुडी काढून टेबलावर ठेवली. दारामागचे वीस ब्लॉक काढले म्हणाल्या. "गोळ्या आता बंद करू?" मी सांगितलं, अजून तीन महिने घ्यायच्या, शरीरातला साठा भरायचाय.

जुडी घरी नेली. आईने ती उलटीपालटी करून पाहिली, देठ मोडून बघितला आणि आपल्या वाफ्यापेक्षा बरी आहे असं ठरवलं. सध्या तिची मागणी आहे की गाडी लावतो तिथल्या आणखी दोन ओळी काढाव्यात, तिथे ऊन जास्त येतं. गाडी कुठे लावायची, यावर आमची बोलणी चालू आहेत.